कोयनेच्या काठानं वर, कृष्णेच्या काठानं खाली : सायकलवरचे तीन दिवस

मंडळी, तुमच्या घरातली सायकल सध्या कुठे आहे? जिन्याखाली धूळ खात? की बाल्कनीत, हँडलवर टॉवेल वाळत घातलेला?

माझीही बेंगळुरूतल्या खोलीबाहेर वर्षभर अशीच उभी होती. मग ऑफिसमधल्या दोघीतिघींच्या नादानं पहाटे उठायची सवय लागली आणि एका रविवारी मी चक्क नंदी बेट्टा चढून आले. शहरापासून साधारण ६० किलोमीटर आणि शेवटी दम काढणारी चढण. वर पोहोचल्यावर मी फोटो काढून घरी पाठवला. मला वाटलं, बाबा कौतुक करतील. बाबांचं उत्तर आलं, "छान. पण साताऱ्याची पोरगी तू, कासला कधी सायकल घातलीस का?"

नव्हती घातली. कासला मी दहा वेळा गेले असेन, पण दर वेळी गाडीच्या मागच्या सीटवर बसून, वेफर्स खात.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ठरवलं. मी आणि ५८ वर्षांचे माझे बाबा. सातारा, कास, बामणोली, तिथून लाँचनं तापोळा, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि परत सातारा. तीन दिवस, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून नाक मुरडू नका. सपाटीवर एवढं अंतर तरबेज सायकलपटू एका दिवसात कापतात. पण हा सह्याद्री आहे, इथं किलोमीटरपेक्षा चढ मोजायचे असतात.

आधी नकाशा समजून घेऊ

महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातल्या कृष्णा आणि कोयना या दोघी आपल्या कामाच्या. दोघी एकाच डोंगरावरून निघतात. कृष्णा वाईच्या बाजूला उतरते. कोयना मात्र डोंगरांच्या दोन रांगांमधून बरीच दक्षिणेला जाते, मग हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते. आपला रस्ता म्हणजे एका बहिणीच्या काठानं वर जायचं आणि दुसरीच्या काठानं खाली यायचं.

कोयनेवर हेळवाकजवळ धरण आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात पाणी साठू लागलं आणि वरचं सगळं खोरं भरलं. तोच शिवसागर जलाशय. त्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यातलं चांदोली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आता महत्त्वाचं. आपला रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जात नाही, त्याच्या कडेनं जातो. मला तर ते बरंच वाटतं. एका बाजूला डोंगर, समोर तळं आणि पलीकडे जंगल. जंगलाला आपली घंटी ऐकू जात नाही आणि आपल्याला मात्र जंगल दिसत राहतं.

पहिला दिवस : सातारा ते बामणोली, सुमारे ३८ किलोमीटर

बेंगळुरू-पुणे हायवे साताऱ्यावरूनच जातो, त्यामुळे रात्रीची बस धरली की सकाळी गावी. सायकल बसच्या डिकीत आडवी ठेवायची असेल तर पुढचं चाक काढा आणि गिअरची बाजू वर राहील असं बघा. खाली जुना चादरीचा तुकडा घाला. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात, ते तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

साताऱ्यातून निघालं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो. अंग गरम व्हायच्या आतच चढ सुरू. इथं माझी पहिली चूक झाली. बेंगळुरूच्या ग्रुपमध्ये आम्ही सगळे सरासरी वेगाच्या मागे लागलेले. हँडलवर मीटर, घरी आल्यावर ॲपवर आलेख आणि सोमवारी डबा खाताना त्याचीच चर्चा. त्याच नादात मी घाटात जोर लावला. तिसऱ्या वळणावर छाती भात्यासारखी हलायला लागली. बाबा मागून सावकाश आले, सर्वांत हलक्या गिअरवर, जणू भाजी आणायला निघालेत. "पुढं चल, मी येतो," म्हणाले आणि थांबलेल्या मला मागे टाकून गेले.

यवतेश्वरच्या मंदिरापाशी आम्ही पाणी प्यायलो. तिथून खाली सातारा दिसतो, अजिंक्यतारा दिसतो. पुढचा रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. थोडा चढ, थोडा उतार, दोन्हीकडे दऱ्या आणि तोंडावर वारा.

कासचं पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड मूळ धरू शकत नाही. म्हणूनच तिथं इवल्या फुलांचं राज्य आहे. सप्टेंबरात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं असा सगळा मेळा भरतो. त्या काळात रोज ठरावीक लोकांनाच प्रवेश असतो आणि आधी नोंदणी करावी लागते. आम्ही गेलो तेव्हा बहर ओसरला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं. मला हळहळ वाटली, पण रस्ता रिकामा होता. सायकलवाल्याला दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. फुलं हवी असतील तर गर्दी सोसा, शांत रस्ता हवा असेल तर फुलं सोडा. आणि फुलांच्या दिवसांत गेलात तर एवढं लक्षात ठेवा, रस्ता सोडून सायकल सड्यावर घालायची नाही. त्या पातळ मातीवरून गेलेलं एक चाकसुद्धा खूप असतं.

पठाराच्या पुढं कास तलाव. साताऱ्याला ब्रिटिश काळापासून इथलं पाणी येतं, आणि ते उताराच्या जोरावर आपोआप वाहत येतं. शाळेत हे वाचलं होतं. पण सकाळपासून चढून दुखणाऱ्या मांड्यांनी तलाव बघितला तेव्हा समजलं की तो गावाच्या किती वर आहे. लहानपणी घरातल्या नळाला जे पाणी येत होतं, ते या घाटातून खाली उतरून येत होतं.

तलावानंतर बामणोलीपर्यंत मुख्यतः उतार आहे. ब्रेक सारखा दाबून धरू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा. आणि मग एका वळणावर झाडी संपते आणि खाली शिवसागर दिसतो. निळं पाणी डोंगरांच्या पायांमधून बोटं पसरल्यासारखं आत आत गेलेलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. बाबांनी फक्त टोपी काढली.

बामणोलीत राहायला साध्या खोल्या आणि तंबू मिळतात. रात्री चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. समोर पाण्यापलीकडे अंधारात वासोट्याचा डोंगर. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, तो आज व्याघ्र प्रकल्पातच येतो. एक दिवस जास्त असेल तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढून लाँचनं वासोट्याला जाता येतं. पावसाळ्यात तो बंद असतो आणि मुक्काम कधीच करता येत नाही.

दुसरा दिवस : पाण्यावरून तापोळा, मग महाबळेश्वरचा चढ

सकाळी सायकली लाँचमध्ये चढवल्या. आजवर सायकलीनं मला वाहिलं होतं, आता सायकल कुणीतरी वाहणार होतं! पाण्यावर धुकं होतं, इंजिनाची धकधक होती आणि मी फोन काढून व्हिडिओ करत होते. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या एकत्र येतात, पाणी चांगलंच रुंद होतं. तिथं पाण्यातून सिमेंटचे मोठे खांब वर आलेले दिसले. तापोळा आणि पलीकडचं अहिर यांना जोडणाऱ्या पुलाचं काम चाललं होतं.

माझ्या तोंडून निघालं, "अरेरे, पूल झाला की ही मजा जाणार!"

लाँच चालवणारे दादा पलीकडच्याच गावचे. ते हसले. मग म्हणाले, "ताई, तुमची मजा जाईल, खरंय. पण एकदा जुलैत रात्री वहिनीला कळा सुरू झाल्या. असा पाऊस की हातभर पुढचं दिसत नव्हतं. मी ही लाँच काढली. भाऊ पुढं बॅटरी धरून उभा. पोचलो. पोचलो म्हणून आज तुम्हाला हसत सांगतोय."

मी फोन खिशात ठेवला.

बाबांनी त्यांना विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? त्यांनी मान वळवून पाण्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या आजोबांचं घर आणि भातखाचरं आज जलाशयाखाली आहेत. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली किती तरी गावं उठली. कुणाला सांगलीत जमीन मिळाली, कुणाला सोलापूर, ठाणे, रायगडात. काही जण मात्र हलले नाहीत. पाणी वर आलं तसे तेही डोंगरात वर सरकले आणि तिथंच राहिले. घरातला एक मुलगा मुंबईला पाठवायचा आणि बाकीच्यांनी इथं तग धरायची, असं चाललं.

आणि हे पाणी जातं कुठं? कोयना पूर्वेला वाहणारी नदी, पण विजेसाठी तिचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला नेतात आणि पोफळीच्या बाजूला उंचावरून खाली सोडतात. कोयनेची वीज गेली साठ वर्षं महाराष्ट्र उजळते आहे. तुमच्या-माझ्या घरातले दिवे, मिक्सर, फोनचे चार्जर, सगळ्यांत या खोऱ्याचा वाटा आहे. पण याच खोऱ्यातल्या माणसाला दवाखाना गाठायला पाणी ओलांडावं लागतं.

तापोळ्याला उतरलो. इथं पोहे खा, चहा प्या आणि बाटल्या काठोकाठ भरा, कारण पुढं साधारण २८ किलोमीटरमध्ये जवळजवळ ७०० मीटर चढायचं आहे. या रस्त्याचा सगळ्यात कठीण भाग हाच. मी यवतेश्वरला शहाणी झाले होते. मीटर काढून बॅगेत टाकला. हलका गिअर, संथ पाय. आम्ही दोघं बरोबरीनं चाललो.

तरी व्हायचं ते झालंच. अर्ध्या वाटेवर बाबांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी सायकल टाकली आणि रस्त्याच्या कडेला पाय धरून बसले. चेहरा पांढरा. आसपास घर नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. मी पाय ताणून धरला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पोटरी चोळली. वीस मिनिटं गेली असतील. मला ती दोन तासांसारखी वाटली. डोक्यात नको ते विचार. हे पायावरच निभावलं तर ठीक, पण छातीत दुखायला लागलं असतं तर?

तेव्हा मला लाँचवाल्या दादांची ती रात्र पुन्हा आठवली. मी माझ्या हौसेनं या रस्त्यावर आले होते, तीसुद्धा लख्ख उन्हात, आणि माझा जीव वीस मिनिटांत टांगणीला लागला होता. ती माणसं तर वर्षाचे बारा महिने तिथं राहतात. मी ज्याला 'किती शांत, किती दूर' म्हणत होते, ते त्यांच्यासाठी निव्वळ 'दूर' होतं.

एक भाजीचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं न विचारताच गाडी थांबवली, दोन्ही सायकली वर घेतल्या आणि आम्हाला महाबळेश्वरला सोडलं. पैसे काढले तर म्हणाला, "काका, घाटात कुणी पैसे घेतं का?" मला आधी थोडं वाईट वाटलं, चढ अर्धवट राहिला म्हणून. बाबा म्हणाले, "अगं, चढ काय, पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे."

तिसरा दिवस : कृष्णेबरोबर खाली

सकाळी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गेलो. गोमुखातून पाणी पडतं, त्याला हात लावला. आदल्या दिवशी ज्या कोयनेवरून तासभर लाँचनं आलो, ती इथं ओंजळीत मावत होती.

मग वेण्णा तलावावरून पाचगणी, जवळपास २० किलोमीटर. तिथून पसरणीचा घाट. हे पसरणी म्हणजे शाहीर साबळे यांचं गाव. घाट उतरताना डावीकडे धोम धरणाचं पाणी चमकतं आणि खाली वाईची शेतं चौकोन-चौकोन दिसतात. उतार गोड आहे, पण गाड्या खूप असतात. शनिवार-रविवार शक्यतो टाळाच. वळणावर आतली बाजू सोडू नका, लाल दिवा मागे चालू ठेवा.

वाईला घाटावर बसलो, ढोल्या गणपतीला नमस्कार केला. आता ही कृष्णा. बाबांचा पाय बरा होता. तिथून साताऱ्याला जायला हायवे गाठावा लागतो, तेवढा भाग रूक्ष आहे, कडेनं आणि उजेडात पार करा. लहान मुलं बरोबर असतील तर वाईपाशीच प्रवास संपवा आणि सायकली टेम्पोत घाला. दुसरा पर्याय महाबळेश्वरहून केळघर घाट, मेढामार्गे साताऱ्याला उतरण्याचा. त्या बाजूनं वेण्णा सोबतीला असते आणि हायवे टळतो. पावसाळ्यात मात्र त्या घाटात दरडींची भीती असते.

निघण्याआधी

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी भरलेलं असतं आणि ऊन सोसवतं.

दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि ते काढता येणारा निदान एक जण बरोबर हवाच. सातारा सोडलं की महाबळेश्वरपर्यंत सायकलचं दुकान धरून चालू नका.

दर माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे. आणि दुखऱ्या पायासाठी घरातलं जे काही तेल असेल ते.

घरच्यांना रोज संध्याकाळी कुठून फोन करणार ते आधी सांगून ठेवा. मधल्या बऱ्याच भागात रेंज नसते.

चांदोलीला जायचं असेल तर शिराळ्याहून कोकरूड, आरळामार्गे वारणावतीपर्यंतचा रस्ता सायकलला सुंदर आहे. उद्यानात मात्र वनखात्याच्या परवानगीनं, त्यांच्या नियमानं जायचं. तिथं सायकल बाहेर.

आणि शक्य असेल तिथं गावातच जेवा, गावातच राहा. मोलभाव करताना जरा हात आखडता घ्या.

परत बेंगळुरूला आल्यावर ग्रुपमध्ये सगळ्यांनी विचारलं, सरासरी किती पडली? मी सांगितलं, मीटर दुसऱ्या दिवशीच बॅगेत गेला. मग त्यांना फोटो दाखवले. पाण्यातल्या त्या खांबांच्या फोटोवर एकीनं म्हटलं, "शी, यामुळे फ्रेम बिघडली."

मी म्हटलं, "नाही गं. तो पूल आहे." आणि तिला लाँचवाल्या दादांची गोष्ट सांगितली.

पुढच्या दिवाळीला आम्ही पुन्हा जाणार आहोत, राहिलेला अर्धा चढ पुरा करायला. तोवर पुलावरून जाता आलं तर लाँचची मजा नक्की हुकेल. पण पुलाच्या मधोमध थांबून, सायकल कठड्याला टेकवून, मी त्या दादांना फोन करणार आहे. तुम्हीही जाल तेव्हा तिथं क्षणभर थांबा. आणि हो, आधी त्या हँडलवरचा टॉवेल काढा!